पक्षाबाहेरचे कारभारी

महाराष्ट्रातल्या कोणत्याही तालुक्यात निवडणुकीच्या दोन रीती शेजारी शेजारी नांदतात. ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही. तिथे पॅनेल असते, पॅनेलला बहुधा ग्रामदैवताचे नाव असते आणि मतदानयंत्रावर कपबशी, नारळ, छत्री, शिट्टी अशी चिन्हे असतात. त्याच गावातला तोच मतदार पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेसाठी मात्र पक्षांच्या चिन्हांतून निवड करतो. नगरपालिका आणि महापालिका या दोहोंच्या मधल्या. तिथे पक्ष लढतात, शहरापुरत्या आघाड्या लढतात आणि कोणाच्याच नसलेल्या उमेदवारांची रीघ वेगळी. पक्षाबाहेरचा, कोणत्याही टोकाला न जाणारा माणूस गावाचा किंवा शहराचा कारभार अधिक चांगला करतो का, हे तपासायला लागणारी सामग्री त्यामुळे इथेच भरपूर आहे. जिल्हा परिषदा १ मे १९६२ रोजी सुरू झाल्या. तेव्हापासूनचा म्हटला तरी साठाहून अधिक वर्षांचा अनुभव जमा आहे.

पक्षाविना कारभार ही कल्पना भाबड्या मंडळींची नव्हती. मानवेंद्रनाथ रॉय यांनी १९४८ मध्ये स्वतःचाच रॅडिकल डेमोक्रॅटिक पक्ष विसर्जित केला आणि लोकसमित्यांवर उभ्या असलेल्या पक्षविरहित लोकशाहीचा पुरस्कार केला. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी आणि वि. म. तारकुंडे यांच्यासारखी मराठी माणसे त्या विचाराच्या जवळची होती. जयप्रकाश नारायण यांनी १९५९ मध्ये भारतीय राज्यव्यवस्थेच्या फेररचनेवर प्रबंध लिहिला, त्यातही गाव हा घटक पक्षांपासून मोकळा ठेवण्याची मांडणी आहे. विनोबांचा आग्रह त्याहून पुढचा, थेट सर्वसहमतीचा. सगळ्यांचा मुद्दा थोडक्यात असा की गावात विहीर एक, गायरान एक, रस्ता एक. त्यावर दोन पक्ष बसवले तर भांडण वाढते आणि पाणी वाढत नाही. अशोक मेहता समितीने १९७८ मध्ये नेमकी उलट शिफारस केली. पक्षांनी पंचायतींच्या निवडणुका उघडपणे, चिन्हांसह लढवाव्यात, कारण पक्ष तसेही आत असतातच आणि लपून असले की त्यांना जाब विचारता येत नाही, असा त्या समितीचा रोख होता. महाराष्ट्राने निम्मे ऐकले. वरच्या दोन पायऱ्या पक्षांना दिल्या, खालची पायरी कागदोपत्री मोकळी ठेवली.

शहरांतही हा प्रयत्न जुना आहे. १९५० आणि ६० च्या दशकांत पुणे महापालिकेत नागरी संघटना नावाची आघाडी प्रभावी होती. तिच्यात काँग्रेसची मंडळी होती, व्यापारी होते, पेठांतले प्रतिष्ठित होते. पण निवडणूक संघटनेच्या नावाने लढवली जाई. १९५७ मध्ये संयुक्त महाराष्ट्र समितीच्या लाटेपुढे तिचा टिकाव लागला नाही. शहराच्या कारभाराला राजकारणाचा वारा लागू नये म्हणून उभी केलेली संघटना खऱ्या राजकीय प्रश्नाचा वारा सुटताच मागे पडली. ती पुढे सावरली, पण धडा राहिलाच: लोकांना एखादा मोठा प्रश्न भिडलेला असतो तेव्हा ते तटस्थाला मत देत नाहीत.

आता प्रत्यक्षात अपक्ष कोण होतो ते पाहणे अगत्याचे, कारण व्याख्यानांतला अपक्ष आणि मतदानयंत्रावरचा अपक्ष यांची गाठ क्वचितच पडते. उमेदवारी अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कचेरीबाहेरचे चित्र सगळीकडे सारखे असते. इच्छुकाच्या फायलीत दोन अर्ज तयार असतात, एक पक्षाचा आणि एक अपक्ष म्हणून. पक्षाची अधिकृत उमेदवारी देणारा एबी फॉर्म शेवटच्या घटकेपर्यंत हातात पडलेला नसतो. तो आला तर पहिला अर्ज, दुसऱ्या कोणाला गेला तर दुसरा. तीन वाजता दार बंद होते आणि पुढच्या दोन दिवसांत वर्तमानपत्रांत बंडखोरांची यादी छापून येते. मग माघारीच्या मुदतीपर्यंत मनधरणी, महामंडळाचे आश्वासन, स्वीकृत सदस्यत्वाचा शब्द. हे सारे होऊनही जो उरतो तो ‘अपक्ष’. चार दिवसांपूर्वी तो पक्षाच्या बैठकीत पहिल्या रांगेत होता आणि निवडून आला तर चार दिवसांनी पुन्हा तिथेच असेल. १९९५ मध्ये विधानसभेत ४५ अपक्ष निवडून आले, त्यांतले बरेचसे काँग्रेसचे बंडखोर होते. शिवसेनेचे ७३ आणि भाजपचे ६५ आमदार मिळूनही २८८ च्या सभागृहात बहुमत होत नव्हते, ते या अपक्षांच्या पाठिंब्यावर झाले. ही विधानसभेची गोष्ट. पण त्यांचे बळ साखर कारखाना, तालुका आणि नगरपालिका इथलेच होते.

काही अपक्ष तर स्वतःसाठी उभेच नसतात. २०१४ च्या लोकसभा निवडणुकीत रायगडमध्ये सुनील तटकरे २,११० मतांनी पराभूत झाले आणि त्याच नावाच्या एका अपक्षाला ९,८४९ मते पडली. नामसाधर्म्याचा हा प्रकार नगरपालिकेच्या प्रभागात तर अधिकच सोपा, कारण तिथे दोन-तीनशे मतांनी निकाल फिरतो. तेव्हा ‘अपक्ष चांगले की पक्षवाले’ अशी सरसकट तुलना मांडणे म्हणजे बंडखोर, डमी, गल्लीतला दादा आणि निवृत्त मुख्याध्यापक या चौघांची सरासरी काढणे.

या सगळ्यांत अभ्यासण्याजोगे शहर म्हणजे कोल्हापूर. महापालिका १९७२ मध्ये झाली, पहिली निवडणूक १९७८ मध्ये. आणि नंतर कित्येक वर्षे तिथले सभागृह मुख्यतः पक्षचिन्हांशिवाय निवडून येत राहिले. मोठे पक्ष ताकदीने आणि स्वतःच्या चिन्हावर उतरले ते २०१० च्या निवडणुकीत. पक्षविरहित नागरी कारभाराचा एवढा दीर्घ प्रयोग राज्यात दुसऱ्या महापालिकेत सापडणे कठीण. पक्षाची जागा तिथे रिकामी मात्र राहिली नाही. ती तालमींनी, पेठांनी आणि भावकीने घेतली. शिवाजी पेठेत किंवा मंगळवार पेठेत उमेदवार कोण, हे तालमीच्या कट्ट्यावर ठरे. नगरसेवक दारातला, रात्री अकराला हाक मारली तरी येणारा. गटार तुंबले, दवाखान्यात खाट हवी, दाखला अडला, अशा कामांत हा माणूस पक्षाच्या नगरसेवकापेक्षा उजवा ठरतो यात वाद नाही. पण सभागृहात गेल्यावर त्याला कोणाशी तरी बांधून घ्यावे लागे. ती मोट बांधली महादेवराव महाडिक यांच्या ताराराणी आघाडीने.

ती मोट कशी टिकत होती, हे ठाऊक असल्याशिवाय कोल्हापूर कळत नाही. विधान परिषदेच्या ७८ जागांपैकी २२ जागा स्थानिक स्वराज्य संस्थांच्या मतदारसंघांच्या आहेत. तिथे मतदार म्हणजे नगरसेवक आणि जिल्हा परिषद सदस्य, तेही काही शेकड्यांत. महाडिक या मतदारसंघातून दीर्घकाळ विधान परिषदेवर होते. म्हणजे अपक्ष नगरसेवकांची आघाडी हे शहराच्या कारभाराचे साधन होते तसेच आमदारकीचेही. त्यात पदे वाटून घेण्याची रीत पडली. महापौराची मुदत कायद्याने अडीच वर्षे. कोल्हापुरात ती महिन्यांवर आली. एकाला सहा महिने, दुसऱ्याला आठ, राजीनामा आधीच लिहून घेतलेला. राजीनामा द्यायला कोणी खळखळ केली की नगरसेवकांची ‘सहल’ निघे. बहुमत बसमध्ये बसून गोव्याला किंवा महाबळेश्वरला जाऊन मतदानाच्या सकाळी परतते, हे दृश्य महाराष्ट्रातल्या इतर शहरांनाही नवे नाही, पण कोल्हापूरने त्याचे शास्त्र केले. महापौराला स्वतःच्या कार्यालयातल्या शिपायाचे नाव पाठ होईपर्यंत पद सोडायची वेळ येते, तिथे दहा वर्षे चालणारी पाणीयोजना कोणाची म्हणायची? काळम्मावाडी धरणातून थेट पाइपलाइनने शहराला पाणी द्यावे ही मागणी कित्येक दशके चालली. पाणी शहरात पोहोचले २०२३ च्या दिवाळीत. या विलंबाची कारणे अनेक आहेत आणि पक्ष आल्यानंतरही बारा-तेरा वर्षे गेली, हे खरे. तरी सहा-सहा महिन्यांचे महापौर हे त्यांतले एक कारण नक्की धरावे लागते.

याच शहरात आणखी एक गोष्ट घडली आणि ती मध्यममार्गाच्या पुरस्कर्त्यांनी नीट पाहावी. बांधा-वापरा-हस्तांतरित करा तत्त्वावर शहरातले रस्ते झाले आणि त्यावर टोल बसला. त्याविरुद्ध उठाव केला सर्वपक्षीय कृती समितीने. तिच्या अग्रभागी होते शेतकरी कामगार पक्षाचे एन. डी. पाटील आणि कम्युनिस्ट पक्षाचे गोविंद पानसरे. दोघेही आयुष्यभर पक्के पक्षवाले, विचाराने टोकाचे म्हणावेत असे. २०१५ च्या अखेरीस सरकारने टोल रद्द केल्याचे जाहीर केले. पानसरे ते पाहायला नव्हते, त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत त्यांची हत्या झाली होती. सर्व पेठांना, सर्व पक्षांना एका मांडवात आणण्याचे काम ज्यांनी केले त्यांच्या निःपक्षपातीपणावर शहराचा विश्वास होता, आणि त्यांची ठाम पक्षनिष्ठा त्या विश्वासाच्या आड आली नाही.

सभागृहात अपक्षाचे नेमके काय होते, हे कायद्याच्या भाषेतही वाचता येते. महाराष्ट्र स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता अधिनियम, १९८६ हा स्थानिक संस्थांसाठीचा पक्षांतरबंदी कायदा. त्याने पक्षांबरोबर ‘आघाडी’लाही ओळख दिली. निवडणुकीसाठी एकत्र आलेल्या लोकांचा गट पक्षासारखाच धरला जातो. अपक्ष म्हणून निवडून आलेला सदस्य नंतर एखाद्या पक्षात किंवा आघाडीत गेला तर त्याचे सदस्यत्व जाते. वाचताना वाटते, अपक्षपण किती कडेकोट राखले आहे. पण महापालिका अधिनियमात एक खिडकी आहे. निकाल अधिसूचित झाल्यापासून एक महिन्याच्या आत पक्ष, गट आणि अपक्ष सदस्य मिळून आघाडी करू शकतात आणि तिची नोंदणी झाली की ती निवडणुकीआधीच्या आघाडीसारखीच मानली जाते. त्यानंतर तिचा व्हिप लागू.

ही खिडकी का ठेवावी लागली? विषय समित्यांच्या जागा सभागृहातल्या संख्याबळाच्या प्रमाणात मिळतात म्हणून. महापालिकेत कार्यकारी अधिकार आयुक्तांचे, महापौर मुख्यतः सभेचा अध्यक्ष, आणि तिजोरीच्या किल्ल्या स्थायी समितीकडे. स्थायी समितीचे सदस्य सोळा. ८१ जणांच्या सभागृहात, कोल्हापुरात २०१५ मध्ये होते तेवढ्या, पाच सदस्यांमागे एक जागा येते. एकटा अपक्ष त्या हिशेबात कुठेच बसत नाही. निविदा जिथे मंजूर होतात त्या खोलीत त्याला प्रवेश नाही. महासभेत बोलता येते, पण महासभा बहुधा गोंधळात गुंडाळली जाते. त्यामुळे निकालानंतरचा पहिला महिना हीच अपक्षाची खरी परीक्षा. मुंबईत २०१७ मध्ये शिवसेनेला ८४ आणि भाजपला ८२ जागा मिळाल्या, २२७ च्या सभागृहात अपक्ष अवघे पाच. पण त्या काही दिवसांत त्या पाचांच्या घराबाहेर जेवढ्या गाड्या लागल्या तेवढ्या निवडून आलेल्या बाकी कोणाच्या घराबाहेर लागल्या नसतील. त्या महिन्यात प्रभागातल्या मतदाराला विचारून निर्णय घेतल्याचे उदाहरण शोधावे लागते.

आघाडी स्थानिक असली म्हणजे ती नागरिकांची असते असेही नाही. साताऱ्यात २०१६ च्या नगरपालिका निवडणुकीत उदयनराजे भोसले यांची सातारा विकास आघाडी आणि शिवेंद्रसिंहराजे भोसले यांची नगर विकास आघाडी एकमेकांविरुद्ध उभ्या होत्या. दोन्ही नेते तेव्हा राष्ट्रवादी काँग्रेसचे, एक खासदार आणि एक आमदार. २०१९ मध्ये दोघेही भाजपमध्ये गेले, आघाड्यांच्या नावात काही फरक पडला नाही. जळगावची कहाणी याहून मोठी. सुरेश जैन यांनी विधानसभेसाठी पक्ष अनेकदा बदलले, पण नगरपालिकेवर आणि पुढे महापालिकेवर वर्चस्व आघाडीच्या नावानेच राखले. त्या काळात जळगावने सतरा मजली नगरपालिका इमारत उभी केली, व्यापारी संकुले बांधली, आणि राज्यभरातले नगरसेवक ते पाहायला येत. एकहाती, पक्षाच्या कटकटीविना झटपट कारभार कसा होतो याचा तो नमुना मानला जाई. त्याच कारभारातल्या घरकुल योजनेतील गैरव्यवहाराचे प्रकरण पुढे न्यायालयात गेले. २०१९ मध्ये धुळ्याच्या विशेष न्यायालयाने जैन यांच्यासह ४८ जणांना दोषी ठरवले. दोषींत तेव्हाचे नगरसेवक मोठ्या संख्येने होते. निकालाविरुद्ध उच्च न्यायालयात दाद मागण्यात आली आहे. अपीलाचे काहीही होवो, सभागृहात विरोधात हात वर करणारे पुरेसे नव्हते एवढे दिसतेच. पक्ष असता तर भ्रष्टाचार टळला असता असे कोणी म्हणू नये. पण मुंबईत, दूरच्या प्रदेश कार्यालयात का होईना, कोणाकडे तरी तक्रार करायची सोय असते, आणि आघाडीत ती नेत्याच्या दिवाणखान्यातच संपते.

गावांकडे वळले की चित्र बदलते. नगर तालुक्यातले हिवरे बाजार हे हजार-बाराशे वस्तीचे, अवर्षणप्रवण पट्ट्यातले गाव. पोपटराव पवार १९८९ मध्ये तिथे बिनविरोध सरपंच झाले. नंतर जे घडले ते सर्वज्ञात आहे: कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, श्रमदान, पाणलोटाची कामे, आणि उपलब्ध पाण्याचा ताळेबंद मांडून त्यावरून पिके ठरवणे. बोअरवेलच्या पाण्यावर शेती करायची नाही, उसासारख्या पिकाला आवर घालायचा, हे नियम एखाद्या पक्षाच्या सरपंचाला लादता आले असते का, याबद्दल शंका घ्यायला जागा आहे. बोअर घेऊ न दिलेला शेतकरी दुसऱ्या दिवशी विरोधी पक्षात गेला असता आणि तिथे त्याचे हारतुऱ्यांनी स्वागत झाले असते. पक्ष नसल्यामुळे नाराजाला जायला दुसरा मांडव नव्हता. त्याला ग्रामसभेतच भांडावे लागले आणि ग्रामसभेतच पटवून घ्यावे लागले. २०२१ च्या जानेवारीत तिथे तीस वर्षांनी निवडणूक झाली, पवारांच्या पॅनेलने सातही जागा जिंकल्या. निवडणूक झाली हे गावाच्या दृष्टीने वाईट झाले असे तेव्हा अनेकांना वाटले. उलट इतक्या वर्षांच्या कारभारावर एकदा मोजून मते घेतली गेली, हे चांगलेच झाले.

त्याच महिन्यात तेव्हाच्या औरंगाबादजवळच्या पाटोद्यात वेगळा निकाल लागला. भास्करराव पेरे पाटील यांनी या गावाला नाव मिळवून दिले होते. वेळेवर घरपट्टी-पाणीपट्टी भरणाऱ्याला दळण फुकट, ही त्यांची युक्ती अर्थशास्त्राच्या वर्गात शिकवण्याजोगी आहे: गिरणीचा खर्च थोडा, वसुली जवळजवळ पूर्ण, आणि वसुलीतून गरम पाणी, स्वच्छतागृहे, फळझाडे. पेरे स्वतः त्या वेळी उभे नव्हते. त्यांच्या कन्या उभ्या होत्या आणि हरल्या. राज्यभर हळहळ व्यक्त झाली. गावाने मात्र इतकेच सांगितले की विश्वास माणसावर होता, तो घराण्याच्या नावावर वर्ग होत नाही. पक्षांना हे सांगायला मतदाराला तीन-तीन पिढ्या लागतात.

आणि याच निवडणुकीत उमराणेही होते. नाशिक जिल्ह्यातल्या या कांद्याच्या बाजारगावात सरपंचपदाचा लिलाव झाला, बोली मंदिराच्या कामासाठी दोन कोटी पाच लाखांवर गेली. नंदुरबार जिल्ह्यात खोंडामळीलाही तसेच घडले. राज्य निवडणूक आयोगाने दोन्ही गावांची निवडणूक प्रक्रिया रद्द केली. लिलाव झाकून झाला नव्हता, गावासमोर, देवळाच्या पुण्यकर्माच्या नावाने झाला होता, आणि बोली लावणाऱ्यांच्या लेखी तो गावाच्या एकोप्याचा पुरावा होता. बिनविरोध गावांना काही आमदार निधीही जाहीर करतात. बिनविरोधचा हा सोस पाहिला की आधी विचारावे: चावडीवरच्या बैठकीला वस्तीतले कोण होते, बायका किती होत्या, आणि एखाद्याने अर्ज भरायचा ठरवलाच असता तर त्याला काय सांगण्यात आले असते? एकमताने ठरले असे जिथे सांगितले जाते तिथे बहुधा मतच घेतलेले नसते.

हिवरे बाजारात जमले ते शहरात का जमत नाही, याचे एक कारण आकार. पुण्यात २०१७ मध्ये १६२ जागांसाठी ४१ प्रभाग होते. ३९ चार सदस्यांचे, दोन तीन सदस्यांचे. २०११ च्या जनगणनेप्रमाणे शहराची लोकसंख्या ३१ लाखांवर, म्हणजे एका प्रभागात पंच्याहत्तर हजार माणसे. चार बटणे दाबायची असतात, आणि मतदार चारही वेळा एकच ओळखीचे चिन्ह शोधतो. अपक्षाचे चिन्ह माघारीनंतर ठरते. हाती उरलेल्या मोजक्या दिवसांत त्याने पंच्याहत्तर हजार लोकांना ‘शिलाई मशीन’ पाठ करून द्यायची. मुंबई वगळता राज्यातल्या महापालिकांत प्रभागांची रचना २००२ मध्ये तीन सदस्यांची, २००७ मध्ये एकाची, २०१२ मध्ये दोघांची आणि २०१७ मध्ये चौघांची होती. दर वेळी कारणे प्रशासकीय दिली गेली, आणि फायदा सत्तेतल्या पक्षाचा पाहिला गेला. त्यात आरक्षणाची सोडत. महिलांना २०११ पासून निम्म्या जागा आहेत आणि आरक्षण फिरते राहते. ते योग्यच आहे. पण पाच वर्षे एका प्रभागात राबलेल्या अपक्षाचा प्रभाग सोडतीत गेला की त्याला जायला शेजारचा प्रभाग नसतो. पक्षाच्या माणसाला असतो. मग तो पत्नीला उभे करतो आणि फलकावर तिच्या नावाखाली स्वतःचा फोटो मोठा छापतो.

दुसरे कारण पैशाचे आहे आणि त्याची चर्चा फारशी होत नाही. जकात होती तोवर नगरपालिकेकडे रोजचा स्वतःचा पैसा येई. बाजारपेठेच्या गावातला नगराध्यक्ष मंत्रालयाकडे पाठ फिरवूनही गाव चालवू शके. नगरपालिकांची जकात १ ऑगस्ट १९९९ पासून गेली आणि त्या जागी राज्याचे अनुदान आले. महापालिकांची जकात पुढे टप्प्याटप्प्याने गेली, स्थानिक संस्था कर आला, तोही गेला. व्यापाऱ्याची जकातनाक्यावरची अडवणूक थांबली हे चांगलेच झाले. परंतु आज नगरपालिकेचे मोठे काम नगरोत्थानाच्या निधीतून, जिल्हा नियोजन समितीतून किंवा केंद्राच्या योजनेतून होते, आणि या सर्व वाटांवर कुठे ना कुठे पालकमंत्र्यांची सही आहे. थेट निवडून आलेला अपक्ष नगराध्यक्ष, कितीही सचोटीचा असो, सहा महिन्यांत मुंबईला जातो. येताना त्याच्या गळ्यात कोणत्या रंगाचे उपरणे असेल हा प्रश्न त्याच्या स्वभावाचा कमी आणि नगरपालिकेच्या ताळेबंदाचा जास्त आहे. थेट नगराध्यक्ष निवडीची पद्धत २००१ नंतर कितीदा आली आणि गेली; तिने अपक्षांना दार उघडले, पण तिजोरी मात्र त्यांच्या हाती दिली नाही.

मध्यममार्गाबद्दल स्वतंत्रपणे थोडे. रस्त्याला डावे-उजवे काय, असा युक्तिवाद नेहमी केला जातो. डांबराला नसेल, विकास आराखड्याला आहे. शाळा, उद्यान, दवाखाना यांसाठी आराखड्यात भूखंड आरक्षित होतो. दहा वर्षांत तो संपादित झाला नाही की प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाच्या कलम १२७ खाली मालक खरेदीची नोटीस देतो. महापालिकेने मुदतीत हालचाल केली नाही तर आरक्षण उठते आणि तिथे इमारत येते. हे घडायला कोणी ठराव करावा लागत नाही, विषय सभेपुढे येऊ न देणे पुरते. समजूतदार, कोणालाही न दुखावणारा नगरसेवक इथे शहराचे मोठे नुकसान करतो, आणि त्याची लोकप्रियता तसूभर कमी होत नाही. फेरीवाले, झोपडपट्टीचे पुनर्वसन, टँकर कोणत्या भागाला आधी, या सर्व ठिकाणी हितसंबंध समोरासमोर उभे असतात. त्यांत मधोमध उभे राहणारा माणूस बहुधा आहे त्या व्यवस्थेच्या बाजूने उभा असतो.

बाहेरच्या दोन उदाहरणांचा उल्लेख पुरे. केरळमध्ये किळक्कंबलम पंचायतीत २०१५ मध्ये ट्वेन्टी-२० या संघटनेने १९ पैकी १७ जागा जिंकल्या. तिच्यामागे तिथलीच किटेक्स ही वस्त्र कंपनी होती. स्वस्त किराणा, रस्ते, घरे, सगळे झटपट झाले. आणि दोन्ही मोठ्या आघाड्यांना कंटाळलेल्या मतदारांनी २०२० मध्ये तिला आणखी तीन पंचायती दिल्या. कंपनीने चालवलेल्या पंचायतीत कंपनीच्या सांडपाण्याबद्दल तक्रार कोणी ऐकायची, हा आक्षेप तिथले पक्ष घेत आले आहेत, आणि तो गैरलागू नाही. इंग्लंडमध्ये हार्टलपूल गावात २००२ मध्ये फुटबॉल संघाचा माकडाचा पोशाख घालणारा स्टुअर्ट ड्रमंड हा तरुण, शाळकरी मुलांना फुकट केळी देण्याच्या आश्वासनावर, अपक्ष महापौर झाला. गंमत म्हणून निवडलेला हा गृहस्थ काम करू लागला आणि २००५ व २००९ मध्ये पुन्हा निवडून आला. शेवटी २०१२ मध्ये सार्वमताने थेट महापौराचे पदच रद्द झाले. चांगला अपक्ष सापडला तरी तो गेल्यावर मागे काय उरते, हा प्रश्न तिथेही अनुत्तरित राहिला. पक्ष वाईट असला तरी वारस तयार करतो, आणि वारसाला आधीच्याच्या चुकांची उत्तरे द्यावी लागतात.

राज्यात पूर्णपणे पक्षविरहित कारभाराचाही एक काळ होऊन गेला. २०२२ च्या मार्चपासून मुंबई, पुणे आणि इतर महापालिका, तर कोल्हापूर त्याहूनही आधीपासून, प्रशासकांच्या हाती होत्या. आयुक्त हाच सभागृह, हाच स्थायी समिती. पक्ष नव्हते, बंडखोर नव्हते, सहली नव्हत्या. अंदाजपत्रक आयुक्तांनी मांडायचे आणि आयुक्तांनीच मंजूर करायचे. गल्लीतला नळ तीन दिवस आला नाही तर कोणाच्या दारात जायचे, हे मात्र नागरिकांना सुचेना, आणि ते पुन्हा माजी नगरसेवकाच्याच दारात गेले. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये निवडणुका घेण्याचा आदेश दिला तेव्हा हा काळ संपण्याची चिन्हे दिसू लागली.

शहरात अपक्षाला गावासारखा आधार देण्याचा एक प्रामाणिक प्रयत्न मुंबईत झाला. २००७ मध्ये जुहूच्या ६३ क्रमांकाच्या प्रभागात नागरिकांच्या गटांनी एकत्र बसून आपला उमेदवार ठरवला आणि अडॉल्फ डिसूझा निवडून आले. प्रभागातल्या कामांचा निर्णय नगरसेवकाने एकट्याने न घेता रहिवाशांच्या बैठकीत घ्यायचा, अशी ती कल्पना होती. २०१२ मध्ये शहरभर असे नागरी उमेदवार उभे करण्याची खटपट झाली, ती फारशी फळली नाही. जुहूच्या प्रयोगाला लागणारी चौकट मात्र राज्याने मधल्या काळात कायद्यात आणून ठेवली होती. २००९ मध्ये महापालिका अधिनियमात क्षेत्रसभांची तरतूद झाली: प्रभागाचे लहान भाग पाडायचे, त्या भागातल्या मतदारांची सभा, आणि तिला नगरसेवकाने उपस्थित राहून जाब द्यायचा. केंद्राच्या नागरी पुनर्निर्माण योजनेचा निधी मिळवण्याची ती एक अट होती. निधी आला. क्षेत्रसभांच्या हद्दी आखण्याचे काम बहुतेक शहरांत तसेच राहिले आहे, आणि ते पुरे करा अशी मागणी सभागृहात ना पक्षांच्या नगरसेवकांनी लावून धरली, ना अपक्षांनी.